पंचाने काय पाहिले?

अपघातात माणूस दगावला, की पोलीस येतात. गावातले दोन भले लोक पंच म्हणून बोलावतात. जखमा पाहून पंचनामा लिहितात. मग सरकारी डॉक्टर प्रेत तपासतात.

आम्ही कैकदा पंच झालो. मोटारसायकलवाला गेला, तर मार बहुधा डोक्यालाच असे. हेल्मेट मात्र घरी खुंटीला!

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या जिल्ह्यात खजरीजवळ शिवशाही बस उलटली. पुढच्या मोटारसायकलीला वाचवायला चालकाने बस वळवली होती. ११ माणसे गेली.

म्हणून मंडळी, हेल्मेट घाला, पट्टा बांधा. वळणावर घाई नको. जखमीला लगेच दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला कायदा सांभाळतो.

आता तुम्हांला वाचता येते. पंचनामा वाचल्याबिगर सही करू नका. वारसांना भरपाई मागताना तोच कागद लागतो.