गहाण ठेवलेले घर

आषाढाचे दिवस होते. मिरकरवाड्याच्या बंदरात एरवी पहाटेपासून जी गजबज असते, तिचा मागमूसही नव्हता. हंगामात येथे नौका धक्क्याला लागल्या की मासळीच्या टोपल्या भराभर उतरतात, लिलाव पुकारले जातात, बर्फ फोडण्याचा आवाज उठतो आणि माणसाचे बोलणे माणसाला ऐकू येत नाही. परंतु जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीसाठी समुद्रात जाण्यास शासनाची मनाई असते. समुद्र खवळलेला असतो आणि कित्येक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ असतो. अशा वेळी नौका दोरखंडांनी बांधून ठेवतात आणि माणसे घरोघरी फाटकी जाळी घेऊन बसतात.

असेच एक घर होते. त्या घरातील कर्ता पुरुष एका नौकेवर तांडेल होता. तांडेल म्हणजे नौकेचा प्रमुख. वारा, पाणी आणि खडक यांची सारी जोखीम त्याच्या माथी. ओटीवर बसून तो जाळे सांधीत होता. पण त्याचे चित्त जाळ्यात नव्हते. कोनाड्यात चार दिवसांपासून एक कागद पडून होता आणि त्यावर त्याची सही व्हायची होती.

कागद मुलाचा होता. मुलगा सातवीत शिकत होता. मांडवीच्या काळ्या वाळूवर तो रोज पहाटे अनवाणी धावे. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत तो पहिला आला होता आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीस त्याला पाठवावे, असे शाळेने ठरवले होते. निवड झाली, तर घर सोडून तेथेच राहायचे, शाळा शिकायची आणि दोन्ही वेळ सराव करायचा. मुलाला आता दुसरे काही सुचत नव्हते. त्याच्या गणिताच्या वहीतसुद्धा उदाहरणांपेक्षा धावपट्टीची चित्रेच अधिक होती.

“सही करा ना, बाबा,” तो रोज म्हणे.

“बघू,” एवढेच उत्तर मिळे.

यात बापाचा हट्ट होता, असे कोणी म्हणू नये. तरुणपणी तो स्वतः कबड्डी खेळत असे. एका सामन्यात गुडघा दुखावला, तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. नौकेवर चढताना तो गुडघा अजून ठणकत असे. खेळातले वैभव किती दिवसांचे असते, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी भर पावसात गुरुजी आले. त्यांनी छत्री ओटीच्या कोपऱ्यात टेकवली आणि जाळे थोडे बाजूला सारून ते बसले. मुलगा दाराआड जाऊन उभा राहिला.

“गुरुजी, धावून पोट भरतं का?” तांडेलाने सरळच विचारले.

“नेहमी भरत नाही,” गुरुजी म्हणाले.

असे उत्तर तांडेलाला अपेक्षित नव्हते. त्याचे हात थांबले. मग गुरुजींनी त्याला खाशाबा जाधव यांची हकीगत सांगितली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. त्यामुळे तालमीची माती लहानपणीच अंगाला लागली. खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा भार उचलला. तेथे गादीवर कुस्ती खेळायची होती आणि खाशाबांना ठाऊक होती ती माती! तरीही ते आपल्या वजनगटात सहावे आले.

चार वर्षांनी फिनलंडमधील हेलसिंकी येथे पुन्हा सामने ठरले. जायचे तर पैसे हवे होते. खाशाबा व त्यांचे आप्त दारोदार फिरले. गावाने आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. ज्याच्याकडे जे होते, ते त्याने दिले. तरी मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हाती दिले. त्या काळी सात हजार रुपये म्हणजे एखाद्या नोकरदाराची काही वर्षांची मिळकत होती. आपल्या पोटच्या मुलासाठीही कित्येकांना असे धाडस होत नाही. येथे तर नाते केवळ विद्यार्थ्याचे होते.

हेलसिंकीला खाशाबा ५७ किलो वजनगटात उतरले. कॅनडा आणि मेक्सिको या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. नंतर जपानच्या शोहाची इशी या मल्लाशी त्यांची झुंज झाली. ती दीर्घ चालली आणि थोडक्यात हुकली. दम खाण्यास पुरेसा अवधी मिळतो न मिळतो, तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो सांगून आपल्या मल्लाची बाजू मांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगाने लढले आणि हरले. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास पुढे ४४ वर्षे लागली.

खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाडच्या स्थानकावर एकशे एक्कावन्न बैलगाड्या त्यांच्या स्वागतास उभ्या होत्या. स्थानकापासून गावापर्यंतची पंधरा मिनिटांची वाट. पण मिरवणुकीला सात तास लागले म्हणतात.

“बघा बाबा!” दाराआडून मुलाचा आवाज आला.

“थांब, अजून हकीगत संपलेली नाही,” गुरुजी त्याला म्हणाले आणि पुन्हा तांडेलाकडे वळले. “बैलगाड्या दुसऱ्या दिवशी आपापल्या शेतावर गेल्या. पदकाला काही पगार नसतो. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, आणि त्यांचा संसार चालला तो त्या नोकरीवर. सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांना झगडावं लागलं. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. हे मी तुमच्यापासून कशाला लपवू?”

तांडेल बराच वेळ काही बोलला नाही. पागोळ्यांचे पाणी ओटीच्या कडेने वाहत होते.

“मग तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात, गुरुजी.”

“मी दोन्ही बाजूंचं बोललो. कॉलेजातला मुलगा मल्ल म्हणून लंडनला जाऊन आला, आणि पोलीस उपनिरीक्षक झाला, तो माणूसही तोच. त्यानं एकासाठी दुसरं टाकलं नाही. आता काळही पुष्कळ बदलला आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे घ्या. वडील शिक्षक. त्यांनीच मुलाला २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत घातलं. बंदुकीच्या गोळ्या महाग, म्हणून त्यांनी कर्जही काढलं. २०१५ साली स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. पोटाची चिंता मिटली आणि सराव चालू राहिला. २०२४ साली पॅरिसला त्याला नेमबाजीत कांस्यपदक मिळालं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला आणि मोठा धावपटू झाला तो सैन्यात गेल्यावर. त्याची नोकरी आधी, धावणं नंतर.”

“आणि आमच्या पोराला पदकही नाही मिळालं आणि नोकरीही नाही, तर?”

हा प्रश्न खरा होता. ज्या शंभर मुलांच्या डोळ्यांत पदक चमकते, त्यांतील नव्याण्णवांना ते मिळत नाही. गुरुजी क्षणभर गप्प राहिले.

तेवढ्यात मुलाची आई चहा घेऊन बाहेर आली. ती बंदरावर मासळी विकत असे; हिशेबात तिला कोणी फसवू शकत नसे.

“अहो, तुम्ही समुद्रावर जाता, तेव्हा आषाढात बंद पडणार म्हणून आश्विनात जाणं सोडता का?” ती म्हणाली. “मासळी मिळते तेव्हा पकडता. आणि मी वैशाखात सुकवून डब्यात भरून ठेवते. दोन्ही करतो, म्हणून आज चूल पेटते. पोरानं धावावं. पण डबासुद्धा भरावा.”

“डबा म्हणजे?” मुलाने पुढे येऊन विचारले.

“डबा म्हणजे तुझं गणित,” गुरुजी हसून म्हणाले. “इथं शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथली मुलं धक्क्यावर येऊन मासे मोजतात, मापतात, ते तू पाहिलं आहेसच. तुझ्या वडिलांना जे अनुभवानं कळतं, ते तिथं शास्त्रानं शिकवतात. खेळातून नोकरी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर तो रस्ता आपल्या घराशेजारीच आहे. पण त्या दारात शिरायला बारावीचं विज्ञान लागतं, आणि विज्ञानाला गणित लागतं.”

मुलाचा चेहरा किंचित उतरला. मागील परीक्षेत गणिताने त्याचा जेमतेम निभाव लागला होता.

“तिथं शाळा रोज भरते ना?” तांडेलाने विचारले.

“भरते.”

“आणि गुणपत्रक आम्हाला बघायला मिळेल?”

“दर परीक्षेचं मी स्वतः मागवीन.”

तांडेलाने जाळे मांडीवरून खाली ठेवले. हात पंच्याला पुसले. पण कोनाड्याकडे तो अजून गेला नाही. मुलगा मात्र कुठल्याशा वेगळ्याच विचारात होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “त्या प्राचार्यांच्या घराचं पुढं काय झालं?”

“खाशाबा परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड ठेवला,” गुरुजींनी सांगितले. “स्वतः कुस्त्या खेळले, जिंकले, आणि मिळालेला पैसा नेऊन प्राचार्यांना दिला. घर सोडवून घेण्यासाठी.”

“पदक मिळाल्यावर लगेच?”

“आल्यावर पहिलं काम तेच केलं.”

तांडेल उठला. त्याने कोनाड्यातला कागद काढला, तो ओला तर झाला नाही ना हे पाहिले आणि गुरुजींच्या खिशातील पेन मागून घेतले. सही करून झाल्यावर त्याने कागद मुलाच्या हाती दिला नाही. गुरुजींच्या हाती दिला.

“गणिताची वही आण,” तो मुलाला म्हणाला. “गुरुजी आलेच आहेत.”