पडद्याआडची रुग्णा आणि आपले हैदराबाद



सुलतान बाजारातून आपण नित्य ये-जा करतो. कोणी पुस्तकांसाठी, तर कोणी कापडाच्या खरेदीसाठी. त्याच गजबजाटात स्त्रियांचे एक जुने सरकारी रुग्णालय आहे. इंग्रजांच्या काळी ते रेसिडेन्सीचे रुग्णालय म्हणून ओळखले जाई. तेथे एका पारशी महिलेने पुष्कळ वर्षे असे काम केले की, वैद्यकाच्या इतिहासात तिची नोंद झाली. तिचे नाव डॉ. रूपाबाई फर्दुनजी. तिच्या कार्याचे मोल कळावयाचे असेल, तर प्रथम त्या काळची अडचण समजून घेतली पाहिजे.

रोग पडदा पाळीत नाही. उपचाराला मात्र पडदा आडवा येतो. एकोणिसाव्या शतकात येथील अनेक घरांतील स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत. हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, पण तेथून बाहेर पडणारे वैद्य पुरुषच होते. रोग्याला पाहिल्यावाचून, त्याचे पोट वा छाती तपासल्यावाचून निदान कसे व्हावे? म्हणजे विद्या शहरात होती, औषधे होती, तरी निम्म्या प्रजेला ती असून नसल्यासारखी होती. बाळंतपण सुईणीच्या हाती असे. तिचा अनुभव थोर असे, हे नाकारता येत नाही. परंतु मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेनासा झाला, म्हणजे तिचाही उपाय हरे.

अशा वेळी लोक विचारीत, “बायका दवाखान्यात का येत नाहीत?” खरा प्रश्न उलट होता. दवाखाना बायकांना येण्याजोगा का नाही, असे विचारावयास हवे होते.

१८८५ च्या सुमारास रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. त्यांनी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत पाच महिलांना प्रवेश दिला. रूपाबाई त्यांपैकीच एक होत. या सालाचे महत्त्व एका तुलनेने कळेल. आपल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ज्या विद्येसाठी आनंदीबाईंना एवढी झीज सोसावी लागली, तिचे दार त्याच सुमारास मुसीच्या काठी उघडले होते.

रूपाबाईंनी १८८९ मध्ये ‘हकीम’ ही पदवी मिळविली आणि भूल देण्याच्या कामाला वाहून घेतले. त्या काळी क्लोरोफॉर्मचे थेंब कापडावर टाकून ते रोग्याच्या नाकातोंडाशी धरीत. थेंब कमी पडले तर वेदना होत, अधिक पडले तर प्राणाशी गाठ! श्वासावर अखंड नजर ठेवावी, ही लॉरींची शिकवण होती. क्लोरोफॉर्मच्या धोक्याचा शोध घेण्यासाठी १८८८ व १८८९ मध्ये येथे दोन आयोग बसले. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, आधी श्वास थांबतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे टिकला नाही. हृदयालाही धोका असतो, असे १९११ मध्ये लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखविले. शास्त्र असे चुका सुधारीतच पुढे जाते.

अशा जोखमीच्या कामात रूपाबाईंनी सुमारे अठ्ठावीस वर्षे घालविली. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. रेसिडेन्सी, अफजलगंज आणि व्हिक्टोरिया जनाना या रुग्णालयांत त्यांनी सेवा केली. १९०९ मध्ये, चांगले नाव झाल्यावरही, त्या एडिंबरोला पुन्हा विद्यार्थिनी होऊन गेल्या, हे आपण विशेष ध्यानात ठेवावे.

जनाना रुग्णालयाची कल्पना साधी होती. रुग्ण स्त्री, परिचारिका स्त्री आणि शक्य तेथे डॉक्टरही स्त्रीच. लोकांची रीत एका दिवसात बदलत नाही. पण ती बदलेपर्यंत आईने मरावे काय? म्हणून रीत सांभाळून उपचार घरच्यांना पटेल असा केला गेला. संपत्तीने मात्र प्रत्येक संकट टळत नाही. निजामांच्या स्नुषा नीलोफर यांची एक सेविका बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून स्त्रिया व बालकांसाठी रुग्णालयाचा संकल्प झाला आणि १९५३ मध्ये ‘नीलोफर’ रुग्णालय उभे राहिले.

पण शहरात इमारती झाल्या, म्हणजे खेड्यातील स्त्रीचा प्रश्न सुटला असे नव्हे. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत याच राज्यात होते. तेथील स्त्रीला ही रुग्णालये फार दूर होती. अंतराखेरीज आणखी एक भिंत असते, ती लाजेची. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या शंभरांत केवळ आठ! त्यांनी दुखणे कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली आहे. २०१८-२० च्या नोंदींप्रमाणे दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण भारतात ९७, तेलंगणात ४३ आणि महाराष्ट्रात ३३ होते. २००५ पासून गावोगावी ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. त्या गावच्याच सुना-लेकी असल्याने त्यांच्यापाशी मन मोकळे करता येते. तरीही ४३ हा नुसता आकडा नव्हे. त्या त्रेचाळीस घरांतील आया आहेत.

यातून आपण काय घ्यावे? डॉक्टर तर काही जणीच होतील. पण प्रत्येकाच्या घरी आई, आजी, बहीण आहे. घरातील बाई आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते. तेव्हा आज घरी गेल्यावर तिला एवढेच विचारा, “तुला काही दुखत नाही ना?” आणि उत्तर ऐकावयास थोडा वेळ थांबा. रूपाबाईंच्या काळी पडदा दारावर होता. आज तो कोठे उरला असेल, तर आपल्या न विचारण्यात.