एक मिनिट पूर्ण

सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून 31 वर्षं काढली. पहिली 12 कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, पुढची जिल्ह्याच्या ठिकाणी. निवृत्तीच्या आधी वॉर्डात नव्याने आलेल्या मुली म्हणाल्या, "सिस्टर, पुस्तकात नाही ते सांगा." खरं तर यातलं बरंचसं पुस्तकात आहेच. मला ते पटवून दिलं रुग्णांनी, आणि त्यातल्या काहींनी फार मोठी किंमत मोजून.

1. श्वास मोजा, अंदाजाने लिहू नका.

कुठल्याही वॉर्डातले टीपीआर चार्ट काढून बघा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, श्वास मात्र सगळ्यांचा 20. मीही तसंच लिहायची. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका नाईटला न्यूमोनियाचे साठीचे गृहस्थ माझ्याकडे होते. ताप उतरला होता, बीपी ठीक होतं. रात्री दोनच्या फेरीत मी 20 लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. सहाला त्यांची मुलगी धावत आली. जाऊन बघते तर ते उशीला टेकून बसलेले, दर दोन शब्दांनी थांबत होते. मोजले तर 38. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, मोठ्या रुग्णालयात पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते गेल्याचं कळलं. दोनला मोजले असते तर वाचलेच असते, असं कुणी सांगू शकणार नाही. पण मधले चार तास आमच्या हातात होते आणि ते मी घालवले. त्यांच्या मुलीचा चेहरा मला आजही आठवतो.

धडधाकट मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20. तो 25 च्या पुढे गेला की डॉक्टरांना उठवा, बीपी कितीही छान असो. बीपी कोसळायच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो. पूर्ण मिनिट मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारांची होते. आणि मोजतोय हे सांगू नका. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी मनगटावर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघते.

डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड भागात विंचूदंशावर जे काम केलं, तेही अशाच खाटेजवळ बसण्यातून उभं राहिलं. घामाने थबथबलेलं अंग, गार पडलेले हातपाय, फुप्फुसात साचणारं पाणी हे त्यांनी बारकाईने टिपलं. 1982 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे प्राझोसिनच्या गोळीने विंचू चावलेली माणसं वाचायला लागली. आडगावात बसूनही हे होऊ शकतं, याचा आम्हा कोकणातल्या सिस्टरांना फार आधार वाटायचा.

2. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.

भातकापणीत फुरसं चावलेले लोक यायचे. रक्त गोठतंय का हे बघायला यंत्र लागत नाही. नव्या, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं जराही हलवायचं नाही, मग एकदाच ट्यूब तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू करायचं. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेली काचेचीही नाही. बाहेर नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यामुळे सातव्या-आठव्या मिनिटाला कुणीतरी ट्यूब उचलतंच. म्हणून मी चिकटपट्टीवर वेळ लिहून तिच्याशेजारी उभी राहायची. पायाला दोरी आवळलेली असेल तर ती घाईने सोडू द्यायची नाही. डॉक्टर शेजारी असतानाच सोडायची.

3. "समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या.

दम्याचे एक आजोबा पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा दाखल झाले. औषध घेताय ना? "रोज घेतो, बाई." कसं घेता, दाखवा म्हटलं. त्यांनी यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट घेतला. मागच्या वेळी सुट्टी देताना मीच त्यांना समजावलं होतं, मीच विचारलं होतं "समजलं का?" आणि त्यांनी मान डोलावली होती. सिस्टरला नाही म्हणायचं कसं! तेव्हापासून मी म्हणते, "मी नीट सांगितलंय का बघू. घरी गेल्यावर कसं घ्याल, मला करून दाखवा." दोन मिनिटं जास्त जातात.

4. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड आणि टाचा डोळ्यांनी बघा, चादरीवरून नव्हे. घरच्यांना शिकवा, ते आनंदाने करतात.

5. पोटॅशियमचं अँप्यूल इतर इंजेक्शनांच्या ट्रेमध्ये ठेवू नका. दिसायला ते साध्या पाण्याच्या अँप्यूलसारखं असतं, आणि पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा. डॉक्टर वैतागले तरी वाचा.

6. माणसं मागत राहा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. माझ्या कित्येक नाईट दोघींनी 45 रुग्णांवर काढल्या. 45 जणांचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे तर पाऊण तास तिथेच जातो. हे मुलींनी मनाला लावून घेऊ नये, पण गप्पही बसू नये. आम्ही दर महिन्याला आकड्यांसह लेखी मागणी करायचो. तिसऱ्या वर्षी दोन जागा भरल्या गेल्या. तोवर, जो जास्त आजारी त्याच्याकडे आधी जायचं.

7. ओव्हर टेबलापाशी नको, खाटेपाशी द्या.

पाळी बदलताना रजिस्टर बघून ओव्हर दिली की दहा मिनिटांत सुटका होते. खाटेपाशी दिली की सलाईन किती उरलंय, कॅन्युलाची जागा लाल झालीय का, हे दोघींना दिसतं. आणि रुग्ण ऐकत असतो. एका सकाळी मी 11 नंबरच्या आजींबद्दल सांगत होते, "रात्रीची बीपीची गोळी दिली." आजींनी माझा पदर धरला. "नाय गो बाय, माझी नाय दिलीस. शेजारणीला दोनदा दिलीस."

शेजारणीचं बीपी आम्ही तिथल्या तिथे घेतलं.