दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दिवसाची घडी

रात्री साडेअकराला घरभर धावणारं मूल सकाळी साडेनऊपर्यंत झोपतं. उठल्यावर बाटलीभर दूध पितं, म्हणून नाश्ता नको असतो. दुपारी चारला सोफ्यावर पेंगतं, सहाला उठतं आणि पुन्हा साडेअकरापर्यंत ताजंतवानं. आईबाबा मात्र सगळ्यांना सांगतात, ‘याला झोपच नाही हो.’ झोप आहे, पण भलत्या वेळी आहे. पाळणाघरातल्या मावशी अशाच दहा मुलांना एक वाजता ओळीने निजवतात. त्यांच्याकडे जादू नाही. तिथे जेवणानंतर रोज हात धुणं, हात धुतल्यावर सतरंजी, सतरंजीवर बसलं की पंखा, एवढंच असतं. दीड वर्षाच्या मुलाला घड्याळ कळत नाही. कशानंतर काय येतं, हे मात्र पक्कं कळतं. घरीही हेच करायचं आहे, फक्त पुढच्या क्रमाने.

आधी तीन-चार दिवस काहीही न बदलता नुसतं लिहा. फ्रीजवर एक कागद लावा: कधी उठलं, काय खाल्लं, किती दूध, कधी झोपलं, रडारड कधी. आजोबांनी दिलेलं बिस्किट आणि शेजारच्या काकूंकडचा लाडूही त्यात आला पाहिजे. कागद भरला की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. ‘जेवतच नाही’ असं वाटणारं मूल दिवसात चार बाटल्या दूध आणि अर्धा बिस्किटपुडा संपवत असतं, आणि ‘संध्याकाळी उगाच किरकिर करतं’ ती वेळ रोज तीच निघते.

आता पहिला बदल सकाळचा. बहुतेक घरं इथेच गल्लत करतात आणि रात्रीपासून सुरुवात करतात. साडेनऊला उठलेल्या मुलाला रात्री नऊला अंथरुणात घातलं, तर दोन तास कुस्तीच होणार. त्याऐवजी उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. पडदे उघडा, खोलीत उजेड येऊ द्या, उठल्यावर पाच-दहा मिनिटं गॅलरीत किंवा खिडकीशी घेऊन उभे राहा. शरीरातलं घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर लागतं. सात-साडेसातवर आलात की थांबा. ही वेळ रविवारीही पाळायची, हे मात्र जड जातं.

मग दुपारची झोप. साधारण पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दोन झोपांची एक होते. तो काळ महिनाभर तरी चिडचिडीचा जातो, तेव्हा जेवण साडेअकरालाच उरकून घ्या. एकच झोप घेणारं मूल उठल्यापासून पाचेक तासांनी पेंगतं, म्हणजे साडेसातला उठलेलं साडेबाराला. दीड-दोन तास झोपू द्या आणि तीन-साडेतीनच्या आत उठवा. झोपलेल्या मुलाला उठवणं आजीला पाप वाटतं, पण पाचपर्यंत झोपू दिलं तर रात्र गेलीच. दुसऱ्या टोकाचा उपायही चालत नाही. दुपारी झोपूच दिलं नाही तर रात्री लवकर झोपेल, हा हिशेब सहसा चुकतो. फार दमलेलं मूल शांत झोपत नाही, चेकाळतं. दुपार हुकलीच, तर रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या. दिवसरात्र मिळून या वयात ११ ते १४ तास झोप व्हायला हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या कागदावरचे तास एकदा मोजून बघा.

खाण्याचं गणित यानंतर सोपं होतं. तीन जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी, प्रत्येकात अडीच-तीन तासांचं अंतर. मधल्या वेळात फक्त पाणी. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. जास्त दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्यामुळे रक्त कमी होतं. सकाळी नाचणीचं सत्त्व किंवा मुगाचं धिरडं, दुपारी मऊ वरणभात, तूप आणि वरून लिंबू. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. चार वाजता केळं, संध्याकाळी घरात जे असेल ते तिखट कमी करून. शेंगदाणे कूट करूनच द्या आणि द्राक्षं उभी चिरून. अख्खा दाणा या वयात श्वासनलिकेत अडकू शकतो.

जेवण एकाच जागी बसून. वाटी घेऊन मुलामागे पॅसेजमधून फिरणं, लिफ्टची बटणं दाबू देत एकेक घास कोंबणं, हे आपल्या इमारतींमधलं संध्याकाळचं नेहमीचं दृश्य. त्यात पाऊण तास जातो आणि पोटात चार घास. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी वाटणी साधी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वीस मिनिटांनी ताट उचला, बोलणी नकोत, विनवण्या नकोत. पुढचं खाणं अडीच तासांवर आहेच. पहिले दोन दिवस घरातल्या मोठ्यांचा जीव खालीवर होतो, तेवढं सोसा.

हालचालीसाठी वेगळा तास काढू नका, ती दिवसभर पसरू द्या. या वयात दिवसाला एकूण १८० मिनिटं अंग हलायला हवं. त्यात बाग आली, जिना चढणं आलं, पावसाळ्यात गादीवरच्या कोलांट्याही आल्या. आणि घरकाम. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरीबाईंचा विचार आपल्याकडे रुजवला, त्यातली ही फार उपयोगाची गोष्ट आहे: मुलाला खरं काम द्यायचं. मेथी निवडताना शेजारी बसवून चार काड्या हातात द्या. सुरुवातीला पानं देठासकट तोंडात जातील, नंतर परातीत पडतील, आणि तुमची जुडी मात्र निवडून होईल.

संध्याकाळ नीट बसवायला सगळ्यात जास्त वेळ द्या. सव्वासातला जेवण. मग घरातले मोठे दिवे बंद, टीव्ही बंद. कोमट पाण्याने अंघोळ किंवा नुसते हातपाय. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची टूथपेस्ट घेऊन दात घासणं. रात्रीचे कपडे. दोन पुस्तकं, तिसरं नाही. अंगाई, अंधार. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, आणि क्रम रोज तोच, मग झोपवणारं माणूस कुणीही असो. आठवड्याभरात मूल दात घासून झाले की स्वतःच पुस्तकाकडे वळतं. दूध द्यायचं तर दात घासायच्या आधी. स्क्रीनबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत नाहीच, अपवाद नातेवाइकांच्या अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, दोन ते पाचमध्ये दिवसाला फार तर एक तास. झोपायच्या आधीच्या तासात तर कुठल्याच वयात नको.

इथे खरी अडचण बाबांची असते. साडेआठला दार उघडतं, मुलाला हवेत उडवलं जातं, आणि तासाभराची मेहनत पाण्यात. बाबांना हाकलून देऊ नका, त्यांना दोन पुस्तकं द्या. दंगा सकाळच्या अर्ध्या तासात. दोघंही उशिरा येत असाल, तर अख्खा दिवसच तासभर पुढे सरकवा. रात्री साडेनऊ आणि सकाळी आठ, हेही चालतं. वेळा कुठल्या, यापेक्षा त्या रोज त्याच असणं मोलाचं.

घरातल्यांना छापील वेळापत्रक देऊ नका. सासूबाईंनी तुमच्या नवऱ्याला वेळापत्रकाशिवायच वाढवलंय, हे त्या लगेच सांगतील. त्याऐवजी एक भाग त्यांचा करून टाका: ‘आई, दुपारचं झोपवणं तुमच्याकडे, माझ्याकडून ते होत नाही.’ मग तीन वाजता उठवण्याबद्दलही बोलता येतं. भांड्यांच्या मावशींना एक ते तीन बेल वाजवू नका म्हणून सांगा, आणि मिक्सर आधीच लावून घ्या.

मुलाशी बोलताना एक काम संपायच्या आधी पुढचं सांगा. ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी.’ दोनदा म्हटलं की दोनदाच. ‘अंघोळ करायची का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येणार. ‘लाल मग घेऊ की निळा?’ असं विचारा.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला आठवडाभर तरी द्या. लग्नं, गणपती, गावचा मुक्काम, ताप यांत सगळं विस्कटणारच. तेव्हा फक्त रात्रीचा क्रम सांभाळा, आत्याच्या घरच्या गादीवरही तीच दोन पुस्तकं. परत आलात की पुन्हा सकाळच्या उठण्यापासून लागा. यावेळी कमी दिवस लागतात.

मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, किंवा वजन वाढत नसेल, तर दिनक्रमात कारण शोधत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना फ्रीजवरचा तो कागद सोबत न्या. पहिल्या पाच मिनिटांत ते जे विचारतात, ते बरंचसं त्यावर लिहिलेलं असतं.