दिव्यातील तेल

प्रस्तावना

गावात समाजमंदिर, व्यायामशाळा किंवा ग्रंथालय उभे राहते, तेव्हा समारंभ होतो. कोनशिला बसवली जाते, फीत कापली जाते, भाषणे होतात. काही वर्षांनी त्याच गावी गेल्यावर पुष्कळदा दाराला कुलूप आढळते. इमारत शाबूत असते. बंद पडलेली असते ती सोय. असे का होते? सरकारी निधीतून इमारत उभी राहते, पण ती रोज उघडण्यासाठी लागणारा पैसा कोठून येतो? गावच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च यांतील फरक सांगू शकाल;
• ग्रंथालयांना निधी मिळवून देण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करू शकाल;
• आपल्या गावातील सार्वजनिक सोयींच्या खर्चाविषयी योग्य प्रश्न विचारू शकाल.

मूळ पाठ

१. वाढणारी संस्था

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यांतील पहिला. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हा पाचवा. त्याच वर्षी मन्नारगुडी या गावी बैलगाडीतून खेड्यापाड्यांत पुस्तके नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्याच्या उद्घाटनास रंगनाथन उपस्थित होते. आयुष्याच्या उत्तरकाळात ते बेंगळुरूत स्थायिक झाले. तेथे १९६२ मध्ये त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली. १९७२ मध्ये त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

पाचव्या सिद्धांताचा अर्थ आर्थिक दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. जी संस्था वाढते, तिला दरवर्षी पोषण लागते. नवी पुस्तके, वृत्तपत्रे, वीज, बांधणी आणि मुख्य म्हणजे दार उघडणाऱ्या माणसाचे वेतन, हा खर्च कधीच संपत नाही. इमारतीचा खर्च एकदाच करावा लागतो. दिवा एकदा विकत घेता येतो. तेल मात्र रोज घालावे लागते.

२. बडोद्याचे तीन वाटे

हे तेल कोणी पुरवावे, याचे एक उत्तर बडोदा संस्थानाने शोधले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये संस्थानात ग्रंथालयांची योजना सुरू केली. त्यासाठी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या तज्ज्ञास पाचारण केले. गावाने वर्गणी जमवून काही रक्कम उभी करावी. तेवढीच रक्कम स्थानिक पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाच्या ग्रंथालय खात्याने द्यावी, असे योजनेचे सूत्र होते. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात.

या सूत्रात शहाणपण होते. गावाने स्वतःचा वाटा दिला की ग्रंथालय ‘सरकारचे’ न राहता ‘आपले’ होई. आणि सरकारचा वाटा ठरलेला असल्याने गरीब गावावर सगळा भार पडत नसे.

३. उपकराचा मार्ग

रंगनाथन यांचा आग्रह असा, की ग्रंथालय वर्गणीवर किंवा दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसावे. त्याला कायद्याचा आधार असावा. १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसवला. त्यानंतर १९६५ मध्ये म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, असाच कायदा केला.

बेंगळुरूतील घरमालक मालमत्ताकर भरतो, तेव्हा करातील दर रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर म्हणून देतो. हजार रुपये कर असल्यास उपकर साठ रुपये होतो. कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारक भवनाच्या तांबड्या इमारतीत बसून वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही प्रवेशासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ते सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि त्याच्यामागे कायदा उभा आहे.

तथापि या मार्गालाही दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की उपकर गोळा करणारी संस्था वेगळी आणि तो खर्च करणारी वेगळी असल्यास पैसा मध्येच अडकतो. बेंगळुरूत गोळा झालेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोहोचला नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. दुसरी मर्यादा खेड्यांना अधिक जाचक आहे. शहरात मोठमोठ्या इमारती असतात, म्हणून उपकरही मोठा येतो. एखाद्या ग्रामपंचायतीचा वार्षिक मालमत्ताकर दोन लाख रुपये धरला, तर उपकर अवघा बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये होतो. तेवढ्यात एका माणसाचे मानधनही भागत नाही. जेथे ग्रंथालयाची गरज अधिक, तेथेच उपकर कमी मिळतो. म्हणून ग्रामीण ग्रंथालयाला राज्याच्या तिजोरीतून पूरक रक्कम मिळणे अपरिहार्य ठरते.

४. अनुदानाचा मार्ग

महाराष्ट्राने वेगळी वाट निवडली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांसाठी कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा आहे. त्यात उपकराची तरतूद नाही. शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. गावोगावच्या वाचनालय संस्था स्थानिक मंडळी चालवतात आणि शासन त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून अनुदान देते.

या पद्धतीमुळे हजारो गावांत वाचनालये रुजली, कारण पुढाकार लोकांचा होता. परंतु अनुदानाचा आकडा शासननिर्णयावर अवलंबून राहिला. २०१२ नंतरची वाढ २०२२ मध्ये झाली. त्या वेळी साठ टक्के वाढ देण्यात आली आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजार रुपये झाले. महिन्याला ही रक्कम चार हजार होते. ग्रंथपालाचे वेतन, पुस्तके आणि वीजबिल हे सारे त्यात बसवायचे असते. दहा वर्षे अनुदान स्थिर राहिले, पण पुस्तकांच्या किमती स्थिर राहिल्या नाहीत.

५. अरिवु केंद्र

कर्नाटकात २०१९ मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. ग्रामपंचायतींतील ग्रंथालये सार्वजनिक ग्रंथालय खात्याकडून ग्रामीण विकास व पंचायत राज खात्याकडे सोपवण्यात आली. त्यांची संख्या साडेपाच हजारांहून अधिक होती. बेंगळुरूतील खात्याने धोरण ठरवायचे आणि प्रत्यक्ष देखभाल ग्रामपंचायतीने करायची, अशी ही व्यवस्था झाली. या ग्रंथालयांना पुढे ‘अरिवु केंद्र’ असे नाव मिळाले. कन्नडमध्ये ‘अरिवु’ म्हणजे ज्ञान.

२०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद होत्या. शहरातील मुले मोबाइलवर शिकत होती. खेड्यातील अनेक घरांत तशी सोय नव्हती. त्या वर्षी नोव्हेंबरात ‘ओदुव बेळकु’, म्हणजे ‘वाचनाचा प्रकाश’, या मोहिमेतून सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना गावच्या ग्रंथालयाचे सभासदत्व विनामूल्य देण्यात आले. ज्या मुलांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्यासाठी दुसरे एक दार उघडले. मात्र हे शक्य झाले, कारण ते दार उघडणारा माणूस गावात होता. केवळ इमारत असती, तर त्या मुलांना तिच्या पायरीवरूनच परतावे लागले असते.

निधीची प्रत्येक पद्धत काही देते आणि काही उणे ठेवते. वर्गणीतून आपुलकी निर्माण होते, उपकरातून हक्क मिळतो आणि अनुदानातून गरीब गावाला आधार मिळतो. बडोद्याच्या तीन वाट्यांचे मर्म हेच होते, की एकाचा हात आखडला तरी दिवा विझू नये. नव्या इमारतीचा ठराव ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा ‘ही केव्हा पूर्ण होणार?’ या प्रश्नासोबत ‘ही रोज कोण उघडणार आणि त्याचे मानधन कोठून येणार?’ हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

शब्दार्थ

वर्धिष्णू – सतत वाढणारा
उपकर – मूळ करावर विशिष्ट कारणासाठी आकारलेला जादा कर
अनुदान – शासनाने संस्थेला दिलेले आर्थिक साहाय्य
अपरिहार्य – टाळता न येणारे
मर्म – खरा अर्थ, सार

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ........ या वर्षी मांडले.
(आ) महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यात ........ ची तरतूद नाही.
(इ) ‘ओदुव बेळकु’ म्हणजे ........ .

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बडोद्याच्या योजनेतील तीन वाटेकरी कोणते?
(आ) खेड्यात ग्रंथालय उपकर कमी का जमतो?

स्वाध्याय

१. ‘दिवा एकदा विकत घेता येतो, तेल मात्र रोज घालावे लागते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. उपकर आणि अनुदान या दोन पद्धतींचे गुण व मर्यादा तुमच्या शब्दांत लिहा.
३. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका सार्वजनिक सोयीला भेट द्या. ती कोणत्या निधीतून उभी राहिली आणि तिचा दरवर्षीचा खर्च कोण करते, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.