फवारणीची विषबाधा आणि ॲट्रोपिनचे कार्य

इ. स. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वेळी वापरात असलेल्या कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातील औषधेही होती. प्रोफेनोफॉस व ॲसिफेट ही याच कुळातली. हे विष शरीरात नेमके काय करते, हे ठाऊक असल्यास रोग्याला घरी केव्हा आणावे याविषयीची एक घातक चूक टळू शकते.

मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत किंवा ग्रंथीपर्यंत एका रसायनाच्या द्वारे पोहोचतो. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या एका हृदयाकडे जाणारा मज्जातंतू उत्तेजित करून त्याची गती मंद केली. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. द्रवातील ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन होय. या क्षेत्रातील कार्याबद्दल लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲसिटिलकोलिन ही किल्ली मानली, तर पेशीवर तिच्यासाठी बसविलेली कुलुपे असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ही कुलुपे दोन जातींची आहेत. पहिली जात लाळेच्या व घामाच्या ग्रंथी, डोळ्याची बाहुली, आतडी, श्वासनलिका आणि हृदय येथे असते. एका विषारी अळंबीतील मस्करिन या द्रव्यानेही ती उघडते. दुसरी जात हातापायांच्या व श्वासोच्छ्वासाच्या स्नायूंवर असते आणि तंबाखूतील निकोटिनने उघडते. काम होताच कोलिनेस्टरेझ नावाचे विकर किल्लीचे तुकडे करते, म्हणून कुलूप क्षणात पुन्हा बंद होते.

ऑर्गॅनोफॉस्फेट या विकराला जखडून टाकते. किल्ल्या साचत जातात आणि कुलुपे उघडीच राहतात. कीड मरते ती याच कारणाने, आणि माणसाच्या शरीरातही तेच घडते. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळे पाझरतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या व जुलाब होतात, छाती कफाने भरते. ही पहिल्या जातीच्या कुलुपांची लक्षणे. स्नायू फडफडणे व नंतर लुळे पडणे ही दुसऱ्या जातीची.

डॉक्टर देतात ते ॲट्रोपिन विष उतरवीत नाही. ते पहिल्या जातीच्या कुलुपात अडसर म्हणून बसते. छातीतील कफ आटून श्वास मोकळा होईपर्यंत त्याच्या मात्रा वाढवाव्या लागतात. धोतऱ्यातही ॲट्रोपिन असते, असे ऐकून कोणी त्याचा काढा पाजू नये. त्यातील प्रमाणाचा भरवसा नसतो आणि रोगी अधिकच बिघडतो.

दुसऱ्या जातीच्या कुलुपांवर मात्र ॲट्रोपिन चालत नाही. त्यामुळे लाळ थांबली, घाम सुकला, रोगी बोलू लागला, तरी एक ते चार दिवसांत त्याची मान लुळी पडून श्वासाचे स्नायू थकू शकतात. अशा वेळी श्वास देणारे यंत्र जवळ नसेल तर प्राण जातो. ‘आता बरे वाटते’ म्हणून रोग्याला दुसऱ्याच दिवशी बैलगाडीत किंवा मोटारीत घालून घरी आणण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. ग्रामसेवकाने हे त्यांना आधीच समजावून ठेवावे. प्रालिडॉक्झिम हे औषध विकर सोडविण्यासाठी देतात. मात्र जखडण पक्की झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून दवाखाना लवकर गाठण्याला महत्त्व आहे.

तोपर्यंत भिजलेले कपडे उतरवून अंग, केस व नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवावी. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. रोग्याला कुशीवर निजवावे. दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी, कारण सर्वच कीटकनाशके या कुळातील नसतात व उपचार त्याप्रमाणे बदलतो.

पक्के जखडलेले विकर सुटत नाही. शरीराला ते नव्याने घडवावे लागते आणि त्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून विषबाधेतून उठलेल्या मजुराला त्याच हंगामात पुन्हा पंपाला लावू नये. पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी विषानेही तो कोसळू शकतो.