इराण्याचे हॉटेल

मुंबई शहरात एके काळी जवळजवळ प्रत्येक मोठ्या नाक्यावर इराण्याचे हॉटेल असे. पहाटे दूधवाल्यांच्या आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने ते जागे होई आणि रात्री उशिरापर्यंत त्याचे दिवे जळत राहत. त्याला हॉटेल म्हणत, परंतु तेथे राहण्याची सोय नसे. चहा, पाव, लोणी, बिस्किटे, आम्लेट आणि खिमा हे तेथील मुख्य पदार्थ. ‘चल, इराण्याकडे बसू,’ असे एका मित्राने दुसऱ्याला म्हटले की कोठे जावयाचे ते दोघांनाही नेमके ठाऊक असे. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत अशी सुमारे साडेतीनशे हॉटेले होती, असा अंदाज सांगितला जातो. आज त्यांतील फारच थोडी उरली आहेत.

हे इराणी मूळचे इराण देशातील यझ्द आणि केरमान या भागांतले. त्यांतील बहुतेक जरथुश्त्री धर्माचे होते. काही मुसलमानही होते. त्यांचे धर्मबांधव, म्हणजे पारशी लोक, हजारावर वर्षांपूर्वीच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झाले होते. इराणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आले. इराणात जरथुश्त्री लोकांना जिझिया कर भरावा लागे व अनेक प्रकारचा जाच सोसावा लागे. त्यातच १८७० ते १८७२ या काळात त्या देशात भयंकर दुष्काळ पडला. १८८२ साली जिझिया रद्द झाला, तरी दारिद्र्य संपले नाही. तेव्हा अनेक तरुणांनी मुंबईची वाट धरली.

प्रारंभी त्यांतील कित्येकांनी पारशी कुटुंबांकडे घरकाम केले. काम संपल्यावर हे लोक एकत्र जमत आणि मायदेशाच्या गोष्टी बोलत. अशाच एका संध्याकाळी कोणी एकाने सर्वांना चहा करून दिला व त्याबद्दल थोडे पैसे घेतले, आणि त्यातून चहाच्या धंद्याची कल्पना निघाली, अशी एक कथा सांगतात. जागेविषयीही अशीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शहरातील पुष्कळ व्यापारी कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून टाळत. इराण्यांच्या मनात तशी शंका नव्हती. त्यांनी त्या जागा घेतल्या. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांकडून उजेड, वारा आणि गिऱ्हाईक मिळते. इतरांनी नाकारलेली जागाच त्यांना लाभदायक ठरली.

इराण्याच्या हॉटेलाचे रूप सहज ओळखू येण्याजोगे असे. उंच छत, संथपणे फिरणारे पंखे, भिंतींवर मोठे आरसे, संगमरवरी फरशीची टेबले आणि वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या. दाराजवळच्या गल्ल्यावर मालक बसे. आरशांमुळे त्याला बसल्या जागेवरून सर्व हॉटेलावर नजर ठेवता येई. गल्ल्यावर बिस्किटांच्या काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. पुष्कळ ठिकाणी अंडी, साबण, काड्यापेट्या अशा घरगुती वस्तूही विकावयास ठेवलेल्या असत. भिंतीवर जरथुश्त्राची तसबीर असे, आणि तिच्या आसपास गिऱ्हाइकांसाठी सूचनांची पाटी. या पाट्यांवरील सूचना कधी कधी इतक्या लांबलचक असत की त्यांचीच गंमत होऊन बसे. अशाच एका हॉटेलातील सूचनांवरून निस्सीम इझिकेल या कवीने इंग्रजीत एक कविता रचली.

सकाळी भट्टीतून पाव येई. मऊ पावाला लोणी लावले की बनमस्का होई. कडक कवचाचा पाव असला तर तो ब्रूनमस्का. सोबत दाट, गोड चहा. ज्याला अधिक कडक चहा हवा असे, तो ‘पानी कम’ एवढेच सांगे. खारी, नानकटाई आणि मावा केक यांनी भरलेली बशी पोऱ्या न मागताच टेबलावर आणून ठेवी. गिऱ्हाइकाने त्यांतील हवे ते खावे आणि जेवढे खाल्ले तेवढ्याचेच पैसे द्यावेत, अशी पद्धत होती. गिऱ्हाईक उठले की पोऱ्या तेथूनच मोठ्याने आकडा सांगे आणि गल्ल्यावरचा मालक तेवढे पैसे घेई. विश्वासावर चालणारा हा व्यवहार रोज शेकडो अनोळखी माणसांशी होई.

त्या काळी चहाचा कप ही साधी गोष्ट नव्हती. अनेक खाणावळी आणि उपाहारगृहे जातीजातींची असत. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना बहुतेक ठिकाणी आत प्रवेश नसे. कोठे कोठे दाराबाहेर, वेगळ्या कपात चहा मिळे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. एका राजाने चहा पिणे हीसुद्धा समाजसुधारणेची कृती ठरावी, यावरून त्या काळची स्थिती ध्यानात येते.

मुंबईत इराण्याच्या हॉटेलात हा बदल हळूहळू व फारसा गाजावाजा न होता घडला. मालक येथील जातिव्यवस्थेच्या बाहेरचा होता. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे, या जुन्या हिशेबाशी त्याला कर्तव्य नव्हते. ज्याच्या खिशात चहापुरते पैसे असत, तो त्याचे गिऱ्हाईक. टेबले थोडी आणि माणसे फार, त्यामुळे रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसे. शेजारचा कोण, हे विचारण्याची सवड नसे. कारकून, गिरणी कामगार, विद्यार्थी आणि टांगेवाला एकाच संगमरवरी टेबलाशी चहा पीत. एकाच वर्तमानपत्राची पाने चौघांत वाटली जात. या समतेलाही मर्यादा होत्या. स्त्रियांनी बाहेरच्या दालनात एकटीने येऊन बसण्याची रीत नव्हती. कुटुंबांसाठी आडोशाची ‘फॅमिली रूम’ असे. तरीही परक्यांच्या शेजारी बसून खाण्याची सवय शहराला लावण्यात या हॉटेलांचा वाटा मोठा आहे.

मुंबईतील घरे लहान होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गिरणगावातील चाळीच्या एका खोलीत दहा-बारा कामगार राहत आणि पाळीपाळीने झोपत. तेथे मित्राला बोलावून बसवावे कोठे? अशा माणसांना इराण्याचे हॉटेल ही बैठकीची खोलीच वाटे. एक कप चहा घेऊन तासभर बसता येई. नोकरीचे अर्ज तेथे लिहिले जात, भांडणे मिटत, नाटकांच्या आणि संपांच्या गोष्टी होत. लेखक आणि चित्रकार यांनाही अशी ठिकाणे प्रिय असत. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे कवी अरुण कोलटकर हे काळा घोडा भागातील वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसत. खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावरील माणसांवर त्यांनी कविता लिहिल्या. तो इंग्रजी संग्रह २००४ साली प्रसिद्ध झाला. ते उपाहारगृह त्याआधीच बंद झाले होते.

ही हॉटेले एकाच कारणाने बंद पडली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद होत गेल्या आणि पाळीच्या भोंग्याबरोबर येणारे गिऱ्हाईक नाहीसे झाले. शहरातील जागांच्या किमती इतक्या वाढल्या की तासभर बसून एक चहा पिणाऱ्या माणसाला खुर्ची देणे परवडेना. उडुपी उपाहारगृहांशी स्पर्धा होतीच. १९९६ नंतर परदेशी पद्धतीची झटपट खाद्यगृहेही आली. कोठे भागीदारांत मतभेद झाले. पुष्कळ मालकांची मुले शिकून डॉक्टर, अभियंते झाली किंवा परदेशी गेली. पहाटे उठून भट्टीशी उभे राहण्याचे कष्ट वडिलांनी उपसले, ते मुलांना करावे लागू नयेत म्हणूनच. यात कोणाला दोष देता येत नाही. धोबीतलावावरील बस्तानी हे जुने हॉटेल असेच मिटले. जहांगीर कलादालनाच्या व्हरांड्यात १९६४ साली सुरू झालेले समोवार हे इराण्याचे नव्हते, पण चित्रकारांना ते तसेच जिवलग होते; तेही २०१५ च्या मार्चअखेर बंद झाले.

काही हॉटेलांनी बदलत्या काळाशी जुळवून घेतले. १९०४ सालच्या कयानीने आपली शताब्दी पाहिली. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ साली सुरू झाले, तेव्हा तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या रुचीचे जेवण मिळे. पुढे मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणी पद्धतीचा बेरी पुलाव तेथे आणला आणि त्यानेच हॉटेलाचे नाव झाले. नव्वदी उलटल्यावरही कोहिनूर टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांची विचारपूस करीत. २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रँट रोड स्थानकाजवळचे १९१४ सालचे मेरवान बंद होणार, अशी बातमी २०१४ साली पसरली, तेव्हा मावा केकसाठी लोकांनी रांगा लावल्या. एरवी वर्षानुवर्षे तिकडे न फिरकलेली माणसेही त्या रांगांत होती.

लंडनमध्ये २०१० साली मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर एक उपाहारगृह निघाले आणि लोकप्रिय झाले. जुन्या खुर्च्या, आरसे आणि सूचनांच्या पाट्या यांची नक्कल करता येते, हे त्यावरून दिसते. थोडक्या पैशांत कोणालाही बसू देणे मात्र तितके सोपे नाही. जुनी हॉटेले आठवून वृद्ध मुंबईकर हळवे होतात, ते केवळ बनमस्क्याच्या चवीसाठी नव्हे. गावाकडून आलेल्या एकट्या माणसाला या अफाट शहरात पहिली खुर्ची तेथे मिळाली होती, आणि त्याला त्याची जात, धर्म किंवा गाव कोणी विचारले नव्हते. सारीच हॉटेले टिकणे शक्य नाही. परंतु ज्या गावात परक्या माणसाला निःशंकपणे बसता येईल अशी एखादी तरी जागा आहे, त्या गावाने ती जिवापाड जपली पाहिजे.

स्वाध्याय

१. इराणी लोक आपला देश सोडून मुंबईस का आले?
२. कोपऱ्यावरची जागा इराण्यांना कशी फायद्याची ठरली?
३. ‘त्या काळी चहाचा कप ही साधी गोष्ट नव्हती.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या उपाहारगृहाची किंवा खाणावळीची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व ती दहा ओळींत लिहा.